नर्सिंगचा प्रबंध आणि संख्याशास्त्र: या चुका टाळा

"मॅडम, डेटा गोळा झाला. आता कोणती टेस्ट लावू?"

दरवर्षी एम.एस्सी. नर्सिंगच्या मुली हा प्रश्न घेऊन येतात आणि दरवर्षी मला वाईट वाटतं, कारण तो सहा महिने उशिरा आलेला असतो. १९३८ मध्ये कलकत्त्यात भरलेल्या संख्याशास्त्राच्या परिषदेत ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी हेच सांगितलं होतं: प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं. फार तर प्रयोग कशाने दगावला एवढं तो सांगेल. म्हणून टेस्ट ठरवायची ती सिनॉप्सिस (अभ्यासाचा आधी मंजूर करून घ्यायचा आराखडा) लिहितानाच. कुणाकडून, काय, किती वेळा मोजणार हे कागदावर आलं की टेस्ट जवळजवळ आपोआप ठरते.

टी-टेस्ट चुकीची लागली आहे का?

आपल्याकडचा नेहमीचा विषय घ्या. ६० विद्यार्थिनी, हात धुण्याबद्दलची ३० गुणांची प्रश्नावली, मग नियोजित अध्यापन, सात दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा. इथे प्रत्येकीची तुलना तिच्या स्वतःशीच आहे, म्हणून पेअर्ड (जोडीची) टी-टेस्ट, म्हणजे सरासरींतला फरक तपासणारी चाचणी. तरीही अनपेअर्ड (दोन वेगळ्या गटांसाठीची) लावलेले प्रबंध माझ्या हातात येतात. ओळखायची खूण सोपी आहे: तक्त्यातला डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम) बघा. पेअर्डमध्ये तो ६० वजा १, म्हणजे ५९ यायला हवा. ११८ दिसला तर सॉफ्टवेअरने एकाच गटाला दोन वेगळे गट मानलं आहे. एक्सेलमध्ये प्री-टेस्ट आणि पोस्ट-टेस्ट एकाच मुलीच्या ओळीत, शेजारच्या दोन रकान्यांत भरा आणि पुन्हा चालवा. उत्तर फक्त 'जमतं' किंवा 'जमत नाही' असं असेल, तर टी-टेस्ट नको, अशा जोडीच्या हो-नाही उत्तरांसाठी असलेली मॅकनेमार टेस्ट लावा.

टी मोठा आला म्हणजे अध्यापन यशस्वी?

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. समजा, सरासरी १२.४ वरून १९.८ वर गेली, फरकांचं एसडी (प्रमाण विचलन) ३.६. टी येतो सुमारे १५.९ आणि विद्यार्थिनी खूश होते. पण पाऊण तास शिकवून तेच प्रश्न पुन्हा विचारले तर गुण वाढणारच. त्या वाढीत अध्यापनाचा वाटा किती, प्रश्न आधी पाहिल्याचा किती आणि त्याच आठवड्यात वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरने दिलेल्या सूचनांचा किती, हे एकाच गटावरून वेगळं करता येत नाही. तुलनेचा गट घ्या. दुसऱ्या वॉर्डला आत्ता फक्त प्रश्नावली द्या आणि अध्यापन अभ्यास संपल्यावर द्या. तसं केलं तर कुणी शिकण्यापासून वंचितही राहत नाही आणि एथिक्स कमिटीलाही ते पटतं.

आणखी एक. ज्ञान वाढलं म्हणजे हात धुतले गेले असं नाही. शीर्षकात 'प्रॅक्टिस' हा शब्द असेल तर वॉर्डमध्ये उभं राहून, तपासणी यादी हातात घेऊन निरीक्षण करावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले हात धुण्याचे पाच क्षण त्यासाठी तयारच आहेत. कुणी बघतंय हे कळलं की माणसं जास्त हात धुतात, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांच्या नोंदी सरावाच्या समजून विश्लेषणातून वगळायच्या, आणि हे आधीच सिनॉप्सिसमध्ये लिहून ठेवायचं.

निष्कर्षात केवळ टी लिहू नका. सरासरी ७.४ गुण वाढले आणि ९५ टक्के विश्वास-अंतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी वाढ ज्या दरम्यान असावी तो पट्टा) साधारण ६.५ ते ८.३ आहे, असं लिहिलं की वाचणाऱ्या नर्सला फरकाचा आकार कळतो.

काय-स्क्वेअरची रांग

वय, शिक्षण, वैवाहिक स्थिती, अनुभव, धर्म, उत्पन्न, कुटुंबाचा प्रकार, आधीची माहिती. या आठही गोष्टींचा ज्ञानाशी संबंध काय-स्क्वेअर टेस्टने (गटांतल्या संख्यांची तुलना करणारी चाचणी) तपासायचा हा जणू रिवाजच झाला आहे. खरा संबंध कशाचाच नसला आणि आठही चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तरी निदान एक 'सिग्निफिकंट' (पी ०.०५ पेक्षा कमी) निघण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के असते. मग त्या एकाच निकालावर चर्चेचं पान भरतं. कुटुंबाच्या प्रकाराचा संबंध का असावा याचं कारण आधी सांगता येत नसेल, तर तो तपासूच नका.

शिवाय खाने रिकामे पडतात. ६० पैकी ६ जणींचं ज्ञान 'उत्तम' आणि २० जणी विवाहित असतील, तर त्या खान्यातली अपेक्षित संख्या ६ गुणिले २० भागिले ६०, म्हणजे फक्त २. अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी असलेले असे खाने बरेच असतील तर लहान संख्यांसाठी असलेली फिशर्स एक्झॅक्ट टेस्ट लावा. त्याहून बरं म्हणजे गुणांचे 'कमी, मध्यम, उत्तम' असे तुकडेच न करता मूळ गुण वापरा.

पी-व्हॅल्यूचा अर्थ

व्हायवात हमखास चुकणारं उत्तर: "पी ०.०३ आहे, म्हणजे आमचं गृहीतक ९७ टक्के खरं आहे." तसं नाही. प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ३ टक्के, एवढाच त्याचा अर्थ. आणि पी ०.०८ आला म्हणून 'परिणाम नाही' असं लिहू नका. कदाचित नमुनाच अपुरा असेल. एसपीएसएस या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या .००० दाखवतात, पण पी कधीच शून्य नसतो. '०.००१ पेक्षा कमी' असं लिहा.

ड्युटीवर भेटल्या त्या नर्सेस घेतल्या असतील तर 'रँडम' म्हणू नका. तो सोयीचा नमुना आहे, आणि तसं लिहिण्यात कमीपणा नाही. पायलट स्टडीतल्या सहा जणी मुख्य नमुन्यात मिसळू नका, त्यांनी प्रश्न आधी पाहिलेले असतात. बरोबर-चूक प्रश्नांच्या विश्वासार्हतेसाठी केआर-२० (कुडर-रिचर्डसन सूत्र) वापरा.

डेटा आधीच गोळा झाला असेल आणि गट एकच असेल, तरी प्रबंध वाया गेलेला नाही. शीर्षकातला 'परिणामकारकता' हा शब्द गाइडशी बोलून आणि विद्यापीठाची परवानगी घेऊन बदलता येतो का ते पाहा. नाही जमलं तर मर्यादांच्या प्रकरणात तुलनेचा गट नव्हता हे पहिल्याच ओळीत लिहा. शक्य असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन एका महिन्याने त्याच मुलींना पुन्हा तीच प्रश्नावली द्या. सातव्या दिवशीच्या १९.८ पैकी किती टिकलं, हे वॉर्डच्या सिस्टर इन्चार्जला नक्की जाणून घ्यायचं असतं.