नॉर्डकापला एकट्याने सायकलवर जायचंय? आधी भर पावसात गगनबावडा करून या

नॉर्वेचं विचारायला येणारी पोरं पहिल्यांदा पन्हाळा किती मिनिटात चढतो ते सांगतात. चांगलंच आहे, पाय पाहिजेतच, पण मी नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरापासून पार उत्तरेच्या टोकाला, नॉर्डकापला एकटा गेलो तेव्हा पायांनी एकदाही दगा दिला नाही, त्रास झाला तो ओल्या कपड्यांचा. आठ-दहा डिग्री थंडी, अंगावर वारा, थांबून थांबून पाऊस, आणि एकटं असल्यावर हुडहुडी भरली तर चहा करून द्यायलाही कोण नाही. म्हणून माझं सांगणं एकच, कोरडं राहायला शिका.

आणि ते शिकायला कोल्हापूरसारखी जागा नाही बघा. जुलैत बालिंगा, कळे, साळवण करत गगनबावडा, ५५ किलोमीटर, सगळं सामान लादून जायचं, तिथं मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच पावसात परत यायचं (रस्त्यावर पुराचं पाणी आलंय का ते विचारूनच निघा, पाण्यात सायकल घालायची नाही म्हणजे नाही). पोचल्यावर बॅगा उघडून काय काय भिजलंय ते बघा. चेनवाल्या बॅगा बहुतेक गळतात, वरून गुंडाळून बंद करायच्या वॉटरप्रूफ बॅगा घ्या, पैसे वाचवायची ही जागा नाही. स्लीपिंग बॅग आणि झोपायचा एक जोड हे दोन कायम कोरडे राहिले पाहिजेत, म्हणजे सकाळी कितीही जिवावर आलं तरी कालचे ओलेच कपडे चढवायचे आणि कोरडा जोड परत पिशवीत. पहिली दहा मिनिटं नको वाटतं, मग पॅडल मारून अंग तापतं. आपला पाऊस कोमट, तिकडचा गार, त्यामुळं कॉटन घरीच ठेवा आणि लोकरीचा बेस लेयर (अंगालगत घालायचा), वॉटरप्रूफ हातमोजे, बुटावरची कव्हरं घ्या.

रूट मी असा सुचवीन. ट्रॉन्डहाइमवरून स्टाइनशेर, तिथून किनाऱ्याचा १७ नंबरचा रस्ता धरून बोडो, बोडोवरून बोटीनं मोस्केनेसला म्हणजे लोफोटेन बेटांवर, मग आंडेनेस, परत बोट, सेन्या, ट्रोमसो, आल्टा आणि नॉर्डकाप. साधारण १८०० किलोमीटर, वाटेत भरपूर फेरीबोटी आहेत आणि काही फक्त उन्हाळ्यात चालतात, तेव्हा टाइमटेबल बघून ठेवा. दिवसाला साठ धरले तरी एक महिना, पावसाचे आणि विश्रांतीचे मिळून ३५ दिवस हाताशी ठेवा. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जा, आणि दक्षिणेकडून उत्तरेकडंच जा, तिकडं उन्हाळ्यात वारा बऱ्याचदा नैऋत्येचा असतो.

व्हिसा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच), १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. ज्या देशात जास्त रात्री काढणार त्याच देशाकडं अर्ज, इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उगाच शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. तंबूत राहणार म्हणून हॉटेल बुकिंग नसतं, तेव्हा तारीखवार कुठून कुठं आणि कुठल्या कॅम्पिंगला मुक्काम असं पत्र नीट लिहून जोडा.

सायकल बॉक्समध्ये भरताना मागचा डेरेलर (गिअर बदलणारा भाग) काढून फ्रेमला बांधा. मी तो तसाच ठेवला आणि विमानात हँगर (डेरेलर फ्रेमला अडकवायचा तुकडा) वाकला, जादाचा हँगर बॅगेत होता म्हणून दुसऱ्या दिवशी निघता आलं. डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं हे विसरू नका. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, गॅसचा डबा विमानात चालतच नाही, तो तिकडं घ्या.

रस्त्यावर पहिले दोन दिवस सगळ्यात जपायचं ते उजवी बाजू. चालवताना लक्षात राहतं, पण सकाळी तंबू आवरून रस्त्यावर आलं की हात आपोआप डावीकडं वळतो. हँडलवर एक बाणाचा स्टिकर चिकटवा.

बोगदे लई आहेत. काहींत सायकलला बंदी आहे, ते आदल्या दिवशीच मॅपवर बघा. नॉर्डकापचा बोगदा ६.९ किलोमीटर, समुद्राखाली २१२ मीटर, सायकल चालते, पण आधी जोरदार उतार आणि मग ९ टक्क्यांचा चढ. आत गार असतं, जॅकेट घालूनच शिरा, मागं लाल लाइट, अंगावर रिफ्लेक्टर. ट्रक लांब असला तरी आवाज डोक्यावर आल्यासारखा येतो, दचकायचं नाही, कडेनं सरळ चालवत राहायचं.

मुक्कामाचं सोपं आहे. नॉर्वेत मोकळ्या रानात, शेती नसलेल्या जागेत तंबू ठोकता येतो, वस्तीच्या घरापासून १५० मीटर लांब आणि एका जागी दोन रात्री, हा तिथला कायदाच आहे. पाणी नळाचं पिता येतं. रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद, शनिवारीच भरून घ्या. घरून भडंग, भाजणी, कांदा-लसूण मसाला न्या, थंडीत मसूर-भाताला तो मसाला घातला की जिवात जीव येतो. तूप, पेढे नेऊ नका, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत.

आणि एकटेपणा. उत्तरेला जून-जुलैत रात्रच होत नाही, त्यामुळं थांबायचं कळत नाही, मी एकदा रात्री साडेअकरापर्यंत चालवत राहिलो आणि पुढचा अख्खा दिवस वाया गेला. तेव्हापासून सहाला तंबू म्हणजे तंबू. तिकडं संध्याकाळचे सहा म्हणजे कोल्हापुरात साडेनऊ, आईचं जेवण आवरलेलं असायचं, मग रोज फोन, आज कुठं आहे आणि उद्या कुठं जाणार एवढं तरी सांगायचं. डोळ्यावर बांधायला पट्टी न्या. अडचणीत नंबर ११२.

परतीला नॉर्डकापवरून पुन्हा सगळा रस्ता सायकल हाणायची गरज नाही, जवळच्या होनिंग्सवॉग गावाला किनाऱ्याची बोट लागते, सायकल घेऊन ट्रोमसोला उतरा आणि तिथून विमान. बॉक्ससाठी तिथल्या सायकल दुकानाला आठवडाभर आधी मेल टाका, नव्या सायकलींचे रिकामे बॉक्स बऱ्याचदा असतात त्यांच्याकडं.