पन्नाशीच्या आसपास ‘आता पुढे काय?’ : बारा आठवड्यांत उत्तराला हात कसा घालावा

मुलं बारावी ओलांडून बाहेरगावी गेलेली, गृहकर्जाचे थोडेच हप्ते उरलेले, ऑफिसात नवीन शिकण्यासारखं फारसं नाही आणि आईवडिलांच्या दवाखान्याच्या फेऱ्या मात्र वाढलेल्या. पंचेचाळीस ते पंचावन्नच्या टप्प्यावर ‘हे सगळं कशासाठी चाललंय?’ असं अनेकांना वाटू लागतं. एलियट जॅक्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली मध्यवयातल्या अशा अवस्थेला ‘मिडलाइफ क्रायसिस’ हे नाव दिलं. तेव्हापासून तिच्यावर मोठमोठे उपाय सुचवले जातात: नोकरी सोडा, गावी शेती करा, हिमालयात जा. आमचा सल्ला याच्या उलट आहे. आधी शरीर तपासा, मग आठवड्यातले तीन तास मोकळे करा आणि त्यात एकच काम घ्या, पण असं की ज्याची दुसरं कुणीतरी वाट बघत असेल.

पायरी १ : आधी रक्त तपासा

‘कशातच मन लागत नाही’ या तक्रारीमागे कधीकधी कमी झालेलं हिमोग्लोबिन निघतं. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांना विचारून या तपासण्या करून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड (टीएसएच), बी-१२, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी), कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब. शाकाहारी माणसांत बी-१२ कमी असणं नेहमीचंच, आणि त्याने थकवा, विसरभोळेपणा, हातापायांना मुंग्या असं सगळं होऊ शकतं. एचबीए१सी ५.७ ते ६.४ च्या मध्ये असेल तर तुम्ही मधुमेहाच्या अलीकडच्या टप्प्यावर आहात, म्हणजे हाताशी अजून वेळ आहे. कमरेचा घेरही मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात.

पाळी अनियमित झालेल्या स्त्रियांनी झोप उडणं, अंगातून वाफा निघणं, चिडचिड, छातीत धडधड या गोष्टी ‘स्वभाव बदलला’ म्हणून सोडून देऊ नयेत. रजोनिवृत्तीच्या आधीची काही वर्षं हे होतं आणि त्यावर उपचार आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना महिनाभराची नोंद (पाळीच्या तारखा, रात्री किती वेळा जाग आली) कागदावर न्या, म्हणजे ‘होतं कधीकधी’ एवढ्यावर बोलणं संपत नाही.

व्यायामाबाबत जागतिक आरोग्य संघटनेचं माप सोपं आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटं झपाझप चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम. लोक चालतात, पण हे दुसरं विसरतात. खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठणं-बसणं आणि भिंतीला टेकून १० दंड, असे दोन फेरे सुरुवातीला पुरतात. छातीत दुखणं किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पायरी २ : कंटाळा आहे की नैराश्य?

सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास राहत असेल, आवडत्या गोष्टींचीही गोडी गेली असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवड्यांची वाट बघू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. छंद हा नैराश्यावरचा उपचार नव्हे; तो बरं होताना हात देतो, इतकंच.

पायरी ३ : तीन तास मोकळे करा

सात दिवस, दर दोन तासांनी, एका ओळीत लिहा: काय केलं. आठवड्याच्या शेवटी फोन आणि टीव्हीच्या ओळींवर खूण करा. बहुतेकांचे तीन तास तिथेच निघतात. ते असे बांधा: दोन दिवस प्रत्येकी ४५ मिनिटं आणि सुट्टीच्या दिवशी सलग दीड तास. रोज अर्ध्या तासाचा संकल्प पहिल्या पाहुण्याबरोबर मोडतो, म्हणून तो नको.

इथे घरोघरी एक अडचण येते, ती स्पष्टच सांगायला हवी. बाईची संध्याकाळ ‘मोकळी’ धरली जाते, पण साडेसहा ते नऊ ती ओट्याशी असते. तेव्हा नुसतं ‘मी शिकणार आहे’ सांगून भागत नाही. ‘मंगळवारी पोळ्या केंद्रातून येतील, भाजी तुम्ही गरम करायची’ इतकं ठरवून सांगा. घरात वृद्ध आजारी असतील तर त्या तासांसाठी भाऊ, नणंद किंवा कामाच्या ताई यांपैकी कुणाचं तरी नाव आधीच लिहून ठेवा.

पायरी ४ : काम निवडा

मनात असलेल्या कामांची यादी करा आणि तिला तीन चाळण्या लावा. तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं तरी अडेल का? आज जमलं त्याच्या पुढची पायरी आहे का? तुमचं हुद्द्याचं कार्ड बाजूला ठेवलं तरी ते काम करता येईल का? तिसरी चाळणी लोकांना जड जाते. निवृत्त व्हायला आलेला अधिकारी संस्थेत जातो आणि पहिल्याच बैठकीत कार्यपद्धती सुधारायला लागतो. मग त्याला कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही. पहिले तीन महिने सतरंज्या उचलायची तयारी ठेवा.

गाणं शिकायचं असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद आणि पुढे अलंकारपर्यंत जातात आणि त्यांना प्रौढ विद्यार्थीही बसतात. घर सोडता येत नसेल तर मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांचं मुद्रितशोधन करता येतं. एकाने तपासलेलं पान पिवळं होतं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. म्हणजे तुमच्या पानाची कुणीतरी खरोखर वाट बघत असतं.

पायरी ५ : बारा आठवडे (उदाहरण : मोडी)

मोडी, म्हणजे जुने मराठी कागद ज्या जलद लिपीत लिहिले जात ती लिपी, शिकणं हे या वयाला साजेसं काम आहे. अभिलेखागारांत आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांमध्ये (स्थापना १९१०) मोडी कागदांचे ढीग आहेत आणि वाचणारे थोडे. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची टंचाई जाणवली होती.

आठवडे १ ते ३ : मुळाक्षरं आणि बाराखडी. आधी ओळभर शिरोरेषा आखायची, मग तिला अक्षरं लटकवायची. वाचायला शिकायचं असलं तरी हाताने लिहाच. अक्षराचं वळण कुठून फिरतं ते हाताला कळल्याशिवाय डोळ्याला ओळखता येत नाही.

आठवडे ४ ते ७ : सुवाच्य पेशवेकालीन कागद. रोज नवा घेऊ नका. एकच पत्र चार वेळा वाचा, बाळबोधीत (देवनागरीत) उतरवा आणि छापील लिप्यंतराशी ताडून पाहा. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. म्हणून शब्द तोडणं हीच खरी कसोटी. बहुतेक जण इथेच गळतात, कारण अक्षरं येत असूनही वाक्य लागत नाही. यावर उपाय म्हणजे पत्राचे ठरावीक मायने (सुरुवातीची संबोधनं) आणि लघुरूपं पाठ करणं. सुरुवात आणि शेवट ओळखीचे झाले की मधला मजकूर सुटू लागतो.

आठवडे ८ ते १० : गावच्या किंवा घरच्या जुन्या कागदाची छायाप्रत. इंग्रजी अमदानीतले कागद टाकाने (निबच्या लेखणीने) घाईघाईत लिहिलेले असतात, त्यामुळे ते जुन्या कागदांपेक्षा अवघड जातात, हिरमुसू नका. मूळ कागदाला चिकटपट्टी किंवा लॅमिनेशन करू नका. टिपायला पेन्सिल वापरा.

आठवडे ११-१२ : वाचलेला एक कागद मोडीच्या वर्गातल्या किंवा मंडळातल्या जाणकाराला दाखवा. चुका लाल शाईत परत आल्या की त्या वहीत वेगळ्या पानावर लिहा. त्याच चार-पाच चुका पुन्हापुन्हा होत असल्याचं दिसेल.

बारा आठवड्यांत तीनपेक्षा जास्त वेळा सलग दोन बैठका चुकल्या असतील तर काम चुकलं की वेळ चुकली, हे आधी ठरवा. दिवस बदलून आणखी चार आठवडे द्या. तरीही पाय ओढत असतील तर सोडा आणि यादीतलं पुढचं घ्या. महागडा तंबोरा, कॅमेरा, सायकल यांची खरेदी मात्र बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत नको.

नोकरी सोडायचा विचार येतच असेल तर

राजीनाम्याआधी स्वतःच्या नावावर आरोग्य विमा घ्या. कंपनीचं कवच नोकरीबरोबर संपतं आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून हे काम दोन-तीन वर्षं आधी सुरू झालेलं बरं. ईपीएसचं (कर्मचारी पेन्शन योजनेचं) पेन्शन ५८ व्या वर्षापासून पूर्ण मिळतं. १० वर्षांची सेवा असेल तर पन्नाशीनंतर लवकर घेता येतं, पण ५८ च्या अलीकडच्या प्रत्येक वर्षासाठी ४ टक्के कपात होते आणि ती कायमची राहते. भविष्य निर्वाह निधीची रक्कम मुलाच्या परदेशी शिक्षणात घालण्याआधी शैक्षणिक कर्जाचा व्याजदर विचारून या. मुलाला ते कर्ज फेडायला पुढची बरीच वर्षं असतात, तुम्हाला नसतात.