पाव एकर भाजी, वीस घरे आणि दर आठवड्याची रोख

सांवेर असो, देपालपूर असो की महू, इंदूरच्या आसपासच्या गावांतला शेतकरी घरचा मुलगा पुष्कळदा जमीन असूनही पुण्याला किंवा गुजरातेत कामाला जातो, कारण घरात रोख नसते. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीला येतात, गव्हाचे चैत्र-वैशाखात, आणि मधल्या महिन्यांत शाळेची फी, औषधपाणी, विजेचे बिल यांसाठी उसनवारी करावी लागते. ज्याला गावातच राहायचे आहे आणि ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आहे, त्याने पाव एकर, म्हणजे सुमारे ११,००० चौरस फूट जमीन बाजूला काढावी आणि दर आठवड्याला पैसे येतील अशा बेताने तीत भाजी लावावी. उरलेल्या शेतात सोयाबीन आणि गहू नेहमीप्रमाणे चालू द्यावेत. पहिल्याच वर्षी सगळे पणाला लावू नये.

बी टाकण्याआधी गिऱ्हाईक ठरवावे, हे मी आग्रहाने सांगतो. इंदूरच्या चोइथराम मंडीत, म्हणजे भाजीच्या घाऊक बाजारात, माल नेला की भाव आपल्या हाती राहत नाही, आणि हमाली व गाडीभाडे वजा जाता मेथीच्या जुडीचे फारसे काही उरत नाही. त्याऐवजी शहरातल्या ओळखीच्या घरांपासून सुरुवात करून, दर आठवड्याला १५० रुपयांची भाजीची पिशवी घेणारी वीस घरे जोडावीत. त्यांतून आठवड्याला ३,००० आणि महिन्याला १२,००० रुपये येतात. बियाणे आणि वाहतूक वजा करून जे उरेल, ते शहरात खोलीचे भाडे व खानावळ भागवून घरी पाठवता येणाऱ्या रकमेशी ताडून पाहावे. महिन्याचे पैसे आगाऊ मागण्यात संकोच करू नये. इंदूरच्या मराठी घरांना शेपू, अंबाडी, चाकवत आणि अळू ही मंडईत हमखास न मिळणारी पाने हवी असतात, आणि ऋषिपंचमीच्या भाजीसाठी तर अळूची शोधाशोध होते. जूनमध्ये विहिरीच्या पाटाकडेला कंद लावले, तर भाद्रपदात पाने काढायला येतात.

आमच्या घरच्या शेतात पहिल्या वर्षी मेथी एकाच दिवशी टाकली गेली. ती सगळी एकाच आठवड्यात काढणीला आली, निम्मी गुरांना घालावी लागली, आणि पुढचे तीन आठवडे पिशवीत मेथी नव्हती. तेव्हापासून वाफ्याचे पट्टे पाडून दर आठ दिवसांनी एकच पट्टा पेरण्याची पद्धत ठेवली आहे. मेथी २५ ते ३० दिवसांत येते, कोथिंबिरीला ४० दिवसांच्या आसपास लागतात, पालक एकदा लावला की दोन-तीन कापण्या देतो. भेंडी ४५ ते ५० दिवसांनी सुरू झाली की एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर जून होते. दोडका आणि घोसाळी बांधावरच्या मांडवावर चढवावीत, म्हणजे त्यांना वेगळी जागा लागत नाही.

माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात, म्हणून वीतभर उंच गादीवाफे करावेत. खताच्या बाबतीत तर आपल्याला दूर पाहण्याची गरजच नाही. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदुरातच कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेले काड, जाळून टाकण्याऐवजी ती आणि सोयाबीनचे कुटार (भुसा), पालापाचोळा यांचा वीतभर थर द्यावा, त्यावर शेणकाला शिंपडावा, मग गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि चुलीतली राख पातळ पसरावी, आणि असे थर कमरेएवढे रचावेत. मूठभर घेऊन दाबले असता हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये, इतकीच ओल असावी. चार-पाच दिवसांनी ढिगात हात घातल्यावर चांगली ऊब लागली नाही, तर शेण किंवा पाणी कमी पडले आहे असे समजावे. साधारण पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग उलटावा. तीन महिन्यांत खत तयार होते.

पालेभाजी उजाडण्यापूर्वी काढावी, मुळांची माती झटकावी, पण पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण भिजलेली जुडी पिशवीत दुपारपर्यंत काळी पडते. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली भाजी सकाळच्या बसने आणली तरी टवटवीत राहते.

उन्हाळ्यात पालेभाजी कमी होते. तेव्हा बटाट्याचे वेफर्स, कीस आणि पापड घालावेत. आपल्या भागात नवा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि एप्रिलचे ऊन वाळवणाला उत्तम असते. असे पदार्थ विकण्यासाठी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची लहान उत्पादकाची नोंदणी करून घ्यावी. पुढे यंत्र घ्यायचे ठरले, तर केंद्राच्या २०२० सालच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेची चौकशी जिल्ह्याच्या उद्यानिकी (फलोत्पादन) कार्यालयात करावी. तीत कर्जाशी जोडलेले ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठरवलेले आहे आणि या योजनेत इंदूर जिल्ह्यासाठी निवडलेले उत्पादन बटाटाच आहे. मात्र अर्ज घेणे चालू आहे का, हे आधी विचारावे, आणि वीस घरांनी एक उन्हाळा वेफर्स मागून घेतल्याशिवाय कर्ज काढू नये.

खताचा ढीग अक्षय्य तृतीयेच्या सुमारास रचावा, घरांची यादी गणपतीपर्यंत पुरी करावी आणि मेथीचा पहिला पट्टा कोजागरीच्या आसपास पेरावा.