सध्या काय वाचताय? गावातला वाचनकट्टा चालवण्याची रीत

"सध्या काय वाचताय?" असं विचारलं की बहुतेक जण पुस्तकाचं नाव सांगतात, "मस्त आहे, वाचाच" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. पुस्तक केवढं आहे, कुठे मिळेल आणि मुख्य म्हणजे आपल्याला रुचेल का, यातलं काहीच ऐकणाऱ्याच्या पदरात पडत नाही. गावच्या वाचनालयात किंवा कुणाच्या बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) महिन्यातून एकदा जमून एकमेकांना पुस्तकं सुचवायची असतील, तर थोडी शिस्त लागते. फार नाही, पण लागते.

माणसं आठ ते बारा असावीत. सहाच असली आणि त्यातली दोन आली नाहीत, की उरलेल्यांना आपण उगाच आलो असं वाटतं. बारांच्या वर गेली की शेवटच्या दोघांना घाईघाईत उरकावं लागतं आणि पुढच्या महिन्यात तेच दोघे गळतात. प्रत्येकाला बोलायला पाच मिनिटं, प्रश्नांना दोन, म्हणजे दहा माणसांची सत्तर मिनिटं झाली. पुस्तकांची देवघेव करायला आणखी वीस. रविवारी चारला सुरू केलं तर साडेपाचला मोकळं होता येतं आणि लांबच्या वाड्यावरच्या माणसाला काळोख पडायच्या आत बस मिळते.

"पुढची तारीख कळवू" या वाक्याने गोव्यातले कितीतरी कट्टे बंद पडले असतील. दुसरा रविवार तर दुसराच रविवार, असं ठरवून टाका. अपवाद आधीच लिहून ठेवा: गावची जत्रा, फेस्त (चर्चचा सण), शिमगा आणि चवथ (गणेशचतुर्थी). चवथीच्या आदल्या रविवारी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान सोडून पुस्तक घेऊन कुणी येणार नाही, तेव्हा तो महिना सरळ सोडून द्यावा. जागा बघताना वर मान करून छप्पर बघा. पत्र्याच्या शेडमध्ये आषाढातला पाऊस सुरू झाला की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. कौलारू घर किंवा स्लॅबची खोली बरी. वीज जाणारच, म्हणून बॅटरीचा एक दिवा वाचनालयात कायमचा ठेवून द्यावा.

खुर्च्या गोल मांडाव्यात. व्यासपीठ, माईक, समई, पुष्पगुच्छ, आभारप्रदर्शन यातलं काहीही नको. एकदा समई पेटली की त्याचा कार्यक्रम होतो, कार्यक्रमाला अध्यक्ष लागतो आणि अध्यक्ष म्हटलं की भाषण आलंच. गावात निवृत्त शिक्षक हमखास असतात आणि त्यांचं वाचनही दांडगं असतं, पण सरांनी किंवा बाईंनी सुरुवात केली की कॉलेजातली मुलं गप्प होतात. म्हणून सर्वांत लहान असेल त्याच्यापासून सुरुवात करायची आणि सरांचा नंबर शेवटी. त्यांना आधी समजावून सांगितलं तर तेही खुशीने मानतात. वेळ एकाने सांभाळावी, वही दुसऱ्याने. दोन्ही कामं एकाच्या गळ्यात टाकली तर नोंदी अर्धवट राहतात.

पाच मिनिटांत काय सांगायचं

पहिलं अर्धं मिनिट कोरड्या माहितीला: नाव, लेखक, भाषांतर असेल तर अनुवादक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, पानं, किंमत. ही माहिती मुखपृष्ठावर शोधू नका. आतल्या शीर्षकपानाच्या मागे सगळं छापलेलं असतं. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक तिथेच कळतो. आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो, पुनर्मुद्रणात बहुधा तोच मजकूर पुन्हा छापलेला असतो. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) असेल तर तोही उतरवून घ्यावा. २००७ पासून तो तेरा आकडी आहे, त्याआधी दहा आकडी होता, आणि जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच.

दुसरी गोष्ट, तुम्ही कुठवर पोचलात. "चाळीस पानं झाली", "अर्ध्यावर अडकलोय", "दुसऱ्यांदा वाचतेय" असं सरळ सांगावं. अर्धवट वाचलेलं पुस्तक आणायला लोक लाजतात आणि मग दर महिन्याला तेच जुनं, पूर्ण वाचलेलं, आवडतं पुस्तक घेऊन येतात. हा कट्टा सध्याच्या वाचनाचा आहे. मधेच सोडलेल्या पुस्तकाबद्दलही बोलू द्या, फक्त कितव्या पानावर सोडलं आणि का, हे सांगायला लावा. "तिसऱ्या प्रकरणात इतकी नावं येतात की वंशावळ काढून बसावं लागतं" हे वाक्य चार कौतुकांपेक्षा जास्त कामाचं. हे ऐकून कुणीतरी नक्की म्हणेल, मला असलीच पुस्तकं आवडतात.

कथानक सांगत बसणं हे सगळ्यात मोठं दुखणं. पाचातली चार मिनिटं त्यात जातात आणि ऐकणाऱ्याला पुस्तक वाचून झाल्यासारखं वाटतं. कादंबरीबद्दल बोलताना पहिल्या चौथ्या हिश्शाच्या पुढे जायचं नाही, हा नियम वेळ सांभाळणाऱ्याने बिनदिक्कत पाळायला लावावा. त्यापेक्षा एक उतारा वाचून दाखवावा. डेमी आकाराच्या, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढ्या, पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द असतात आणि मोठ्याने, सावकाश वाचलं तर पुरं पान अडीच मिनिटं खातं. म्हणजे अर्धं पान पुरे. उतारा घरी एकदा मोठ्याने वाचून बघावा आणि पेन्सिलने बारीक खूण करावी, तीही पुस्तक स्वतःचं असेल तर. वाचनालयाचं असेल तर कागदाची पट्टी घाला. पान दुमडू नका.

कवितेला मात्र वेगळा न्याय. कवितेचा सारांश सांगण्यात काही अर्थ नाही, एक अख्खी कविता वाचावी आणि गप्प बसावं. कवी बा. भ. बोरकर मराठीतही लिहायचे आणि कोंकणीतही, तेव्हा त्यांचं पुस्तक आणणाऱ्याने दोन्हींतली एकेक वाचली तर पाच मिनिटं सार्थकी लागली म्हणायची.

शेवटचं मिनिट सर्वांत महत्त्वाचं: हे पुस्तक कोणासाठी आहे आणि कोणी याच्या वाटेला जाऊ नये. उदाहरणच घेऊ. समजा, कुणी फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' घेऊन आलं. "मराठीचं वैभव आहे, प्रत्येक गोंयकाराने वाचलंच पाहिजे" असं म्हटलं तर सगळे माना डोलावतील आणि एकही जण पुस्तक नेणार नाही. त्याऐवजी असं सांगता येईल: "इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेल्या जेजुइत पाद्र्याने लिहिलेलं हे ओवीबद्ध पुराण. गोव्यातल्याच राशोलला १६१६ मध्ये पहिल्यांदा छापलं, तेही रोमी (रोमन) लिपीत. घेताना देवनागरी प्रतच बघून घ्या. दहा हजारांवर ओव्या आहेत, ओळीने वाचायला घेतलं तर पहिल्याच महिन्यात दमाल. पहिल्या अवस्वरूत (अध्यायात) मराठीची थोरवी सांगणाऱ्या ओव्या आहेत, त्या आधी वाचा. चाल जमली तर पुढे चला. ज्यांच्या घरी ज्ञानेश्वरी किंवा एखादी पोथी मोठ्याने वाचायची सवय आहे त्यांना ही भाषा लवकर वश होईल. मनातल्या मनात भरभर वाचणाऱ्याने हात लावू नये." एवढं ऐकल्यावर दोन जण तरी हात पुढे करतात, आणि ते नेमके योग्य दोन असतात.

आवडतं पुस्तक सुचवताना

आपल्याला आवडलेलं पुस्तक समोरच्याच्या हातात कोंबण्याची घाई असते, तिथेच फसगत होते. आधी विचारावं: शेवटी पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं? कोणतं सोडून दिलं? वाचायला वेळ केव्हा मिळतो? तिसरं उत्तर सर्वांत उपयोगी. मडगाव-पणजी बसमध्ये उभ्याने वाचणाऱ्याला सहाशे पानी बांधणीचा ग्रंथ देऊन उपयोग नाही, त्याला कथासंग्रह द्या. रात्री अर्धा तास मिळणाऱ्या गृहिणीला छोटी प्रकरणं असलेलं आत्मचरित्र चालतं. वाचनाची सवय सुटलेल्या माणसाला दीडशे पानांच्या वर काही देऊ नये, मग ते कितीही थोर असो. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले, त्यातला एक 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' आणि दुसरा 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक'. कट्ट्यावर पहिला सगळ्यांना आठवतो, दुसरा कुणालाच नाही.

एका माणसाला एकाच वेळी एकच पुस्तक सुचवा. दहा नावांची यादी मिळाली की माणूस ती खिशात घालतो आणि धुवायला टाकतो.

भाषेवरून वाद घालू नये. पुस्तक मराठी असलं तरी त्याबद्दल कोंकणीत बोलणारे असणारच, बोलू द्या. उतारा मात्र पुस्तकाच्या भाषेत वाचावा. कोंकणी पुस्तकांच्या चिठ्ठीवर लिपी न चुकता लिहा, देवनागरी की रोमी. नाहीतर रोमी न वाचता येणारा माणूस पुस्तक घरी नेतो आणि महिनाभर संकोचाने तसंच ठेवतो.

चिठ्ठी, वही आणि पावसाळा

प्रत्येक पुस्तकामागे पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी करावी. वर कोरडी माहिती, खाली दोन ओळी: कोणाला आवडेल, कुठून सुरुवात करावी. पुस्तक वाचनालयाचं असेल तर कण्यावरचा वर्गांक उतरवून घ्या. पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ वर असतं, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२ आणि कथा-कादंबरी ८९१.४६३. एवढं ठाऊक असलं की पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात गेल्यावर निम्मं शोधणं वाचतं. १८३२ पासूनचा वारसा असलेलं ग्रंथालय आहे ते. गोव्याबद्दलचं जुनं काही हवं असेल तर पहिली चौकशी तिथेच करावी.

घरचं पुस्तक उसनं देताना वहीत चार रकाने हवेत: तारीख, पुस्तक, कोणी नेलं, केव्हा आणणार. मालकाने पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलने नाव घालावं. मुदत पुढच्या कट्ट्यापर्यंतच. "वाचून झालं की दे" म्हणून दिलेलं पुस्तक बहुतेकदा परत येत नाही, आणि दोष नेणाऱ्याचा नसतो, मुदतच नसते.

जून ते सप्टेंबर देवघेव करताना जास्त सांभाळावं लागतं. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यावं, पण घरी पोचताच बाहेर काढावं. पिशवीत दमट हवा अडकली की कापडी बांधणीवर पांढरी बुरशी धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि पुस्तकं ठासून भरू नका, मधून हवा खेळली पाहिजे. कसर आणि वाळवी दोघींनाही ओलसर काळोख आवडतो.

पुस्तक भिजलंच तर उन्हात ठेवू नका, पानं वाकडी होतात आणि कण्यावरचा डिंक तडकतो. दर दहा-पंधरा पानांमागे कोरा, शोषून घेणारा कागद घालून पुस्तक पंख्याखाली किंचित उघडं उभं ठेवा आणि कागद दर दोन-तीन तासांनी बदला. वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते. गुळगुळीत आर्टपेपरची पानं असतील तर ती ओली असतानाच प्रत्येक पानामध्ये कागद सरकवा, कारण त्यावरचा लेप वाळताना डिंकासारखा चिकटतो आणि मग पानं सुटत नाहीत. दोन दिवसांत सुकलं नाही तर बुरशी येणार असं समजा.

कट्ट्याचा व्हॉट्सॲप गट असेल तर त्यावर मुखपृष्ठाचा आणि शीर्षकपानामागच्या मजकुराचा, असे दोन फोटो आणि साठ-सत्तर शब्द टाकावेत. सुप्रभातची चित्रं सुरू झाली की गट संपला. पुस्तकांच्या पीडीएफ मात्र कुणी टाकल्या तर लगेच काढायला लावा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या जानेवारीपासून साठ वर्षं स्वामित्वहक्क चालतो. बोरकर १९८४ साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०४४ संपेपर्यंत संरक्षित आहे. गोव्यातल्या लेखकाची पुस्तकं बहुधा थोड्याच प्रतींत निघतात, आणि पंचवीस जणांच्या गटात फिरलेली एक पीडीएफ त्यातल्या बऱ्याच प्रती घरातच पडून ठेवते.

दर तीन महिन्यांनी वही चाळून, दोघा-तिघांनी मागितलेली पण वाचनालयात नसलेली पुस्तकं वेगळी काढा आणि लेखक, प्रकाशक, किंमत यांसकट यादी ग्रंथपालांकडे द्या. खरेदीची यादी ठरायच्या आधी ती पोचली पाहिजे, तेव्हा खरेदी केव्हा होते ते त्यांनाच विचारून घ्या.