ओंडके फोडायचं मशीन अडायचं, त्यावर सापडलेला उपाय

मिशिगनच्या थंडीत आमच्याकडे लाकडाची शेगडी पेटते. ओंडके फोडायला विजेवरचं हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं मशीन आहे. मेपलच्या झाडाचं लाकूड पटकन फुटायचं, पण एल्म झाडाचा चिवट ओंडका लावला की मोटर नुसती घुं घुं करायची आणि ब्रेकर पडायचा. मशीन धडधाकट होतं; दोष निघाला लांबलचक, बारीक एक्स्टेन्शन वायरचा. हाताला चक्क गरम लागत होती! १२० व्होल्टवर १५ अँपिअर ओढणाऱ्या मोटरपर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचतच नव्हतं. १२ गेजची, म्हणजे जाड, आणि आखूड वायर लावली, काम झालं. गारठ्यात तेल घट्ट होतं, म्हणून तेलाच्या टाकीचा हवेचा स्क्रू सैल करून ओंडका ढकलणारा दांडा आधी रिकामाच पुढेमागे सरकवतो. गाठीचा ओंडका मात्र मधोमध न फोडता कडेकडेने सोलत आणायचा.