वॉर्डात जाण्याआधी: बोलणं आणि स्वतःला सांभाळणं

पुण्यात एमबीबीएसला आलेल्या ज्युनिअर्सना मी एक गोष्ट कळकळीने सांगते. पेशंटशी बोलणं आणि स्वतःच्या भावना सांभाळणं हे परकशनसारखंच, म्हणजे छाती-पोट बोटांनी ठोकून तपासण्यासारखंच असतं, हात बसेपर्यंत सराव करावा लागतो. २०१९ पासून अभ्यासक्रमात एटकॉम आहे, म्हणजे वृत्ती, नैतिकता आणि संवाद शिकवणारे तास. त्या तासाला नुसत्या हजेरीसाठी बसू नका. रोल-प्लेमध्ये नातेवाइकाची भूमिका मागून घ्या. समोरचा डॉक्टर कागदात डोकं घालून बोलतो तेव्हा काय वाटतं, ते तिथे समजतं.

हिस्ट्री घेताना घाई होतेच. ससूनसारख्या रुग्णालयात जिल्ह्याबाहेरूनही माणसं येतात. मधुमेह असलेल्या आजी एका दमात सगळं सांगतात: हातापायांची आग होते, झोप लागत नाही, सून बघत नाही. आपल्याला हवं असतं फक्त ‘किती दिवसांपासून?’ बेकमन आणि फ्रँकेल यांच्या १९८४ च्या अभ्यासात डॉक्टरांनी पेशंटचं पहिलं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडलेलं आढळलं. म्हणून आधी स्टुलावर बसा, आजींना बोलू द्या आणि शेवटी विचारा, “आजी, अजून काही सांगायचं राहिलं का?” सून बघत नाही, या तक्रारीआड इन्सुलिन टोचायला घरात कुणी नाही, हेही असू शकतं. ते कळलं नाही तर डोस वाढवून काय उपयोग?

आता स्वतःबद्दल. राउंडला सगळ्यांदेखत बोलणी बसली की आपण चेहरा कोरा ठेवतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं की भावना अशी चेहऱ्यावरून दाबली तरी आतून ती ओसरत नाही, शरीरावरचा ताण उलट वाढतो आणि त्या वेळी ऐकलेलं नीट लक्षातही राहत नाही. म्हणजे सर पुढे जे शिकवतात, तेच निसटतं. त्यापेक्षा प्रसंगाचा अर्थ मनात बदलून बघा. ‘मी नालायक आहे’ याऐवजी ‘जॉन्डिसची कारणं आली नाहीत, आज रात्री वाचायची.’ व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) दाराशी श्वास हळूहळू, लांबवत सोडा, धडधड कमी होते. मात्र रॅगिंग किंवा रोजचा अपमान सोसण्यासाठी हा उपाय वापरू नका. त्यासाठी अँटी-रॅगिंग समिती आहे, तिच्याकडे लेखी तक्रार करा.

वॉर्डातला पहिला मृत्यू मनात राहतो. त्या दिवशी एकटे रूमवर जाऊ नका. बॅचमेटला घेऊन चहाला जा आणि झालेलं बोला. रडू आलं तर येऊ द्या.

दोन आठवडे झोप-भूक उडालेली असेल, वाचनात मन लागत नसेल, तर मदत घ्या, आणि जगणंच नको वाटलं तर एक दिवसही थांबू नका. आपल्याच कॉलेजच्या सायकियाट्री ओपीडीत जायला मुलं कचरतात, कारण तिथे शिकवणारेच बसलेले असतात. हा संकोच मला समजतो. अशा वेळी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.