चित्रासाठी कॅनव्हास स्वतः ताणताना

बाजारात तयार मिळणारा कॅनव्हास ठरावीक मापांतच मिळतो, आणि स्वस्त कॅनव्हासची लाकडी चौकट अनेकदा इतकी हलकी असते की वर्षभरात तिला पीळ पडतो. स्वतः कॅनव्हास ताणला तर माप, कापडाचा पोत आणि अस्तर (रंगाआधी कापडावर द्यायचा लेप) या तिन्ही गोष्टी चित्रकाराच्या हाती राहतात. या कामाला ताकद फारशी लागत नाही. लागतो तो काटेकोरपणा, आणि तोही मुख्यतः सुरुवातीच्या अर्ध्या तासात. कारण चौकट काटकोनात नसेल किंवा कापड तिरपे बसले असेल, तर पुढे कितीही ओढाताण केली तरी तो दोष जात नाही.

चौकटीपासून सुरुवात करू. कॅनव्हाससाठीच्या पट्ट्यांचा आडवा छेद पाहिला तर बाहेरची कड थोडी उंच आणि आतली बाजू उतरती दिसते. त्यामुळे कापड फक्त बाहेरच्या कडेवर टेकते आणि उरलेल्या पट्टीपासून अलग राहते. सपाट पट्ट्या वापरल्यास ब्रशच्या दाबाने कापड आतल्या कडेवर घासते आणि कालांतराने चित्राच्या पृष्ठभागावर चौकटीचीच रेघ उमटते. कोपऱ्यांचे प्रकार दोन: खाचेत नुसते बसवलेले, ज्यांत नंतर पाचरी ठोकून चौकट किंचित रुंदावता येते, आणि सरस व खिळ्यांनी कायमचे जोडलेले. छोट्या अभ्यासचित्रांना दुसरा प्रकार चालतो. ज्या चित्रावर महिनोन्महिने काम होणार आहे, त्याला मात्र पाचरींचीच चौकट घ्यावी. एखादी बाजू साधारण 1 मीटरपेक्षा मोठी असेल तर मधोमध आडवी पट्टी हवीच, नाहीतर कापडाच्या ओढीने लांब बाजू आत वाकतात.

चौकट जोडल्यावर गुण्या लावून चारही कोपरे पाहावेत, पण केवळ गुण्यावर विसंबू नये. दोन्ही कर्ण मोजावेत. 60 × 90 सेंटिमीटरच्या चौकटीचा कर्ण 108.2 सेंटिमीटर येतो. दोन कर्णांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर लांब कर्णाची दोन टोके हलकेच आत दाबून फरक काढावा. मग चौकट सपाट फरशीवर ठेवून एखादा कोपरा उचलला जातो का, हेही पाहावे. पीळ असलेली पट्टी बदलावी. कापड तिला सरळ करील ही आशा व्यर्थ असते.

कापड सुती घ्यावे की लिननचे, हा प्रश्न बराचसा आवडीचा आणि खिशाचा आहे. सुती कापड सहज आणि एकसारखे ताणले जाते, म्हणून पहिल्यांदा हात घालणाऱ्याने तेच घ्यावे. चौरस मीटरला 350 ते 400 ग्रॅम वजनाचे जाड कापड मध्यम आकाराला पुरेसे भक्कम असते. लिनन अधिक चिवट, त्याचा पोत अधिक जिवंत, पण ते हट्टी असते आणि हवेतल्या दमटपणाला लगेच दाद देते.

कापड कापताना चौकटीच्या मापात प्रत्येक बाजूला पट्टीची जाडी आणि मागे वळवण्यासाठी किमान चार सेंटिमीटर धरावेत. पट्टी दोन सेंटिमीटर जाड असेल तर वरच्या मापाला 72 × 102 सेंटिमीटरचा तुकडा लागेल. सरळ कापण्याचा एक खात्रीचा मार्ग असा: कडेला छोटा छेद देऊन एक धागा टोकाशी पकडावा आणि हळूहळू ओढून काढावा, त्याच्या जागी जी बारीक पोकळ रेघ दिसते, तिच्यावरून कात्री चालवावी. मोजपट्टीने आखलेली रेघ विणीच्या तुलनेत तिरपी असू शकते, धाग्याची रेघ कधीच नसते. अस्तर लावलेल्या कापडात धागा निघत नाही, तिथे पट्टीच वापरावी. घडीच्या चुण्या आधीच इस्त्रीने काढून टाकाव्यात.

आता कापड पालथे पसरून त्यावर चौकट उंच कड खाली येईल अशी ठेवावी आणि उभे-आडवे धागे पट्ट्यांना समांतर आहेत ना, हे पाहावे. पहिली पिन (स्टेपल) एका लांब बाजूच्या मध्यावर, मागच्या अंगाला मारावी. समोरच्या बाजूला जाऊन कापड ओढावे आणि तिथेही मध्यावर पिन मारावी. मग दोन्ही आखूड बाजूंचे मध्य. या चार पिनांनंतर कापडावर मध्यापासून मध्यापर्यंत जाणाऱ्या चुण्यांचा पतंगासारखा चौकोन उमटतो. तो दिसला म्हणजे ओढ बरोबर बसली असे समजावे. एकच चुणी ठळक आणि बाकीच्या पुसट असतील तर त्या बाजूची पिन काढून पुन्हा मारावी. यापुढे प्रत्येक बाजूच्या मध्यापासून दोन्हीकडे सुमारे पाच सेंटिमीटरवर एकेक पिन मारत, दर वेळी समोरासमोरच्या बाजू घेत कोपऱ्यांकडे सरकावे. एक बाजू सलग पूर्ण करून मग दुसरीकडे वळणे ही सर्रास दिसणारी घाई आहे, आणि तिच्यामुळेच वीण नदीसारखी वळते.

पिना धाग्यांच्या दिशेने सरळ मारण्यापेक्षा किंचित तिरप्या माराव्यात. तिरपी पिन अधिक धागे पकडते आणि कापड तिथून फाटण्याचा धोका कमी होतो. पूर्वी पिनांऐवजी खिळे वापरत, आणि दर खिळ्यापाशी वीण थोडी ओढली जाऊन कडेला कमानींची रांग तयार होई. जुन्या चित्राची एखादी बाजू नंतर कापली गेली आहे का, याचा अंदाज घेताना संवर्धनतज्ज्ञ याच कमानी शोधतात.

कोपऱ्यापासून चार-पाच सेंटिमीटर अलीकडे थांबावे. कोपऱ्यावरचे कापड आधी तिरपे आत ओढून, मग जादा भाग सपाट घडी करून वळवावा आणि दोन पिनांनी पक्का करावा. घडीची कड चित्राच्या वरच्या किंवा खालच्या बाजूला येईल असे पाहावे, म्हणजे भिंतीवर टांगल्यावर ती नजरेत येत नाही. कोपऱ्यातले कापड कापून टाकण्याचा मोह आवरावा, कारण कॅनव्हास पुन्हा ताणायची वेळ आली तर तेच कापड कामी येते.

कापड किती घट्ट हवे, याचे उत्तर कापडावर अवलंबून आहे. कोरे सुती कापड पाण्यात मिसळणाऱ्या अस्तराने आक्रसते. म्हणून ते सुरकुतीविना सपाट, पण बोटाने दाबल्यास किंचित झुकणारे असे ठेवावे. ते आधीच डफासारखे ताणले, तर अस्तर वाळताना हलक्या चौकटीला बाक येतो. अस्तर लावलेले कापड फारसे आक्रसत नाही. ते रुंद जबड्याच्या पकडीने, तिचा खालचा उंचवटा पट्टीच्या कडेवर टेकवून, तरफेच्या जोरावर पूर्ण घट्ट करावे लागते. पाचरी मात्र दोन्ही प्रकारांत एवढ्यात ठोकू नयेत.

तैलरंगांसाठी अस्तराला पर्याय नाही, कारण जवसाचे तेल थेट धाग्यात मुरले की धागे कालांतराने ठिसूळ होतात. जुनी पद्धत सशाच्या कातडीच्या सरसाची होती. तो सरस हवेतला ओलावा शोषून फुगतो-आक्रसतो आणि वरच्या रंगाला तडे जातात, म्हणून आज ॲक्रिलिक गेसो, म्हणजे पाण्यात मिसळणारे तयार अस्तर, अधिक भरवशाचा वाटतो. ॲक्रिलिक रंगांना दोन थर पुरतात. तैलरंगांना तीन-चार द्यावेत. पहिला थर उभा तर दुसरा आडवा, आणि प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. पहिला थर ओला असताना कापड पट्टीला चिकटले नाही ना, हे मागून एकदा पाहावे. शेवटच्या थरानंतर तैलरंग लावण्यापूर्वी दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत.

झोल राहिलाच, किंवा पुढे दमट हवेत आला, तर आता पाचरींची पाळी. प्रत्येक कोपऱ्यात दोन, अशा आठ पाचरी हाताने बसवून, कापड आणि पट्टी यांमध्ये जाड पुठ्ठा सरकवावा, म्हणजे हातोडीचा चुकार घाव कापडाला लागणार नाही. मग आठही पाचरींना आळीपाळीने एकेक हलका ठोका द्यावा आणि कापड सपाट होताच थांबावे. खालच्या पट्टीजवळ कापडाला बारीक फुगवटा दिसला तर तो झोल समजू नये. बहुधा लाकडाची कपची किंवा सुटून पडलेली पाचरच कापड आणि पट्टीच्या फटीत अडकलेली असते. चित्र उलटे धरून पुठ्ठ्याच्या पट्टीने ती हळूच बाहेर काढावी.